चोचीवरचा आळ

चोच म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे पोपट आला असेल, मित्रांनो. येऊ दे. त्याला म्हणावं बाजूला बस जरा, आज बोलायची पाळी माझी आहे. मी पोलादाची चोच आहे, आता म्हातारी झालेली. पाऊचमध्ये पावडर भरणाऱ्या एका मशीनच्या तोंडाशी मी लटकत होते. तुमच्या गल्लीतल्या सगळ्या पोपटांनी मिळून जन्मात जेवढे दाणे उचलले नसतील, तेवढी पावडर मी एका दुपारी खाली सोडायची. खोटं वाटत असेल तर पोपटांना मोजायला बसवा.

मी रागावलेली आहे हे आधीच सांगते, म्हणजे मध्येच आवाज चढला तर दचकायला नको. माझ्यावर आळ आला होता. आळ म्हणजे आपण न केलेल्या गोष्टीचा ठपका. ज्यांना घरी धाकटं भावंड आहे, त्यांना हे आणखी फोडून सांगायची गरज नाही.

माझा जन्म लेथवर, म्हणजे पोलाद गोल फिरवून कातणाऱ्या यंत्रावर झाला. मला घडवणारा माणूस बोलायला कंजूष, पण हात असा की विचारू नका. बाहेरून त्याने मला झटपट आटपलं आणि आतून मात्र घासतच बसला. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आतून कोण बघणार आहे तिला?"

"पावडर बघणार आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा घासायला लागला.

त्याने मला आतून इतकं गुळगुळीत केलं की एक माशी चुकून वरून आत शिरली, तिला पाय टेकायला जागाच मिळेना, ती थेट खालच्या टोकाने बाहेर पडली. ऐकते की अजून घसरतेच आहे.

मग मला मशीनवर बसवलं. माझ्या शेजारी सोंड होती, म्हणजे उडालेली भुकटी ओढून घेणारी जाड नळी. पलीकडे जबडा होता, तो भरलेल्या पाऊचचे दोन ओठ गरम दाबून चिकटवायचा. चोच, सोंड आणि जबडा एकाच अंगावर. असं जनावर कुठल्या जंगलात सापडायचं नाही, ते आमच्या मिस्त्रींनी पान्याने जोडलं होतं.

आता काम कसं चालायचं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच आहे. रिकामं पाऊच पुढे यायचं, तोंड उघडायचं. मी खाली वाकून पार पाऊचच्या आत शिरायची, तळाजवळ, आणि पावडर हळूच सोडायची. हवी तेवढी पडली की माझ्या टोकाची झडप बंद. मागून एक कणसुद्धा गळायला नको. मग मी वर. थोडी भुकटी उडालीच तर ती सोंडेच्या पोटात. आणि मग जबडा ओठ मिटायचा. ते ओठ स्वच्छ आणि कोरडे हवेत, मित्रांनो. तिथे पावडर बसली की प्लास्टिकला प्लास्टिक धरत नाही. वरून बघाल तर चिकटल्यासारखं दिसतं, पण मधून वाट राहते, सुईच्या टोकाहून बारीक. त्या वाटेने दमट हवा आत शिरते.

आणि आमची पावडर म्हणजे काही अंगाला लावायची नव्हे. जुलाबाने सुकून गेलेल्या लेकरांना पाण्यात कालवून पाजतात ना, ती साखर-मिठाची. तिला दमट हवा लागली की तिचा दगड होतो. घरात मूल मलूल पडलंय, आई घाईघाईने पाऊच फोडते आणि आतून निघतं ढेकूळ. अर्धं विरघळतं, अर्धं तळाला बसतं. आता त्या आईने किती पाजायचं, सांगा मला.

हे होऊ नये म्हणून ताई होती. ताई म्हणजे मशीन चालवणारी बाई. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, तिच्याहून मोठे असलेले मिस्त्रीसुद्धा. तिची एक रीत होती. पायाशी पाण्याची बादली ठेवायची. चालत्या रांगेतून मनाला येईल ते पाऊच उचलायची, पाण्यात बुडवून दाबायची आणि बघायची. एक जरी बुडबुडा आला तरी मशीन बंद. मग ती ब्रश घेऊन माझं टोक झाडायची, झडप तपासायची आणि मला दम भरायची, "तोंड मिटून काम कर बाई, नाहीतर मला माझं उघडावं लागेल."

मशीनच्या दुसऱ्या टोकाला ताईची मोठी नणंद रिकाम्या पाऊचच्या गड्ड्या लावून द्यायची. स्वच्छतेचं तिला वेड. खुर्चीवर बोट फिरवून धूळ बघितल्याशिवाय बसायची नाही. जीभही तशीच, झाडूसारखी.

"वहिनी," ती ओरडून म्हणायची, मशीनच्या आवाजात ओरडावंच लागायचं, "घरच्या भांड्यांवरून एवढा ब्रश फिरवलास तर घरात आरसा टांगायची गरज उरायची नाही."

"घरची भांडी तुमच्याकडे आहेत, वन्सं," ताई मान वर न करता म्हणायची.

अशी आमची वर्षं गेली. बाहेरगावचे लोक मशीन बघायला यायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, एक कण बाहेर नाही. मी त्या काळात इतकी चकाकत होते की ऊन खिडकीतून डोकावायचं आणि लाजून परत जायचं.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण घाई अशी की दारातून आत येताना दार उघडायचीसुद्धा वाट बघायचा नाही. पाठीमागे सगळे त्यांना घाईसाहेब म्हणायचे. ते माझ्यासमोर उभे राहिले, मला खाली जाताना बघितलं, वर येताना बघितलं.

"ही दर वेळी खाली-वर कशाला करते?"

"पावडर उडू नये म्हणून," मिस्त्री म्हणाले.

"मग ती सोंड कशाला ठेवलीय? शोभेला?"

सगळे हसले. साहेबांच्या विनोदाला हसतात तसं, अर्ध्या ओठाने. मिस्त्रींनी मान खाजवली, पान्याने मला वर करकचून बांधलं, आणि माझं वाकणं संपलं. आता मी वरूनच पावडर सोडायची. पाऊच भराभर पुढे जायला लागले, साहेब खूष.

गच्चीवर उभं राहून खालच्या बादलीत पीठ ओतलं तर काय होतं? ओतून बघा. नको, बघू नका, तुमची आई मला शोधत येईल. पावडरीचा ढगच उठायचा. सोंड बिचारी ओढून ओढून धापा टाकायची. आणि पाऊचच्या ओठांवर पांढरी रेघ उमटायला लागली.

साहेबांना ती रेघ दिसली. आता मला सांगा, रेघ दिसल्यावर माणसाने वर बघावं की नाही? मी तिथेच वर लटकत होते, बांधलेली, डोळ्यांसमोर. पण नाही. साहेब म्हणाले, "पाऊचच घाण येताहेत. मशीनला देण्याआधी तोंडाशी पुसून द्या." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एक मऊ, केसाळ फडकं घेऊन आले.

नणंदेचा आनंद तुम्हाला काय सांगू. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पुसण्यासाठी पगार देत होतं. ती एकेक पाऊच तोंडाशी असं घासून पुसायची की त्यावरचं छापलेलं नावच निघून जाईल असं वाटावं. दिवस कोरड्या हवेचे, माणसांचे ओठ फुटायचे. आणि झालं काय, जेवढं ती पुसायची तेवढी पावडर ओठांवर जास्त बसायची. मला वरून स्पष्ट दिसायचं. पावडर सरळ खाली पडता पडता मध्येच वळायची आणि पाऊचच्या ओठांना जाऊन बिलगायची, जशी पोरं मामा आला की त्याच्या खिशाला बिलगतात. जबडा मग त्या पावडरीसकट ओठ दाबायचा.

ताईच्या बादलीत बुडबुड्यांचा नुसता खदखदाट. ती मशीन थांबवायची, ब्रश फिरवायची, पुन्हा चालू करायची, पुन्हा बुडबुडे.

"पुन्हा बंद?" साहेब आलेच.

"सील धरत नाही, साहेब. चोच पहिल्यासारखी खाली जाऊ द्या."

"चोच म्हातारी झालीय, ती गळतेय. आणि दर घटकेला मशीन थांबवून तुम्ही काय मिळवता? ती बादली उचला आधी. पावडरीच्या जागी पाणी कशाला?"

बादली गेली. मित्रांनो, ज्या डोळ्याने दुखणं दिसत होतं तो डोळाच काढून नेला. आणि मी गळते म्हणे. माझी झडप त्या दिवशीही दाताला दात लावल्यासारखी बंद होत होती. मला बोलता येत असतं ना, तर त्या साहेबांचे कान इतके लाल झाले असते की रस्त्यावरच्या गाड्या सिग्नल समजून थांबल्या असत्या.

मग एक दिवस समुद्राकाठच्या दमट गावातल्या दवाखान्यातली नर्स स्वतः आली. आमचा माल तिच्याकडे जायचा. तिने पिशवीतून एक पाऊच काढलं, कात्रीने कापलं आणि टेबलावर उपडं केलं. टक्क आवाज झाला.

"हे मी पोरांना चघळायला देऊ का?" ती म्हणाली. "बाया विचारतात, सिस्टर, यातलं किती घालू? मी काय सांगू त्यांना? हातोडी आणा म्हणून?"

"बघतो, लगेच बघतो," साहेब म्हणाले.

"लवकर बघा. तोवर मी दुसरीकडून मागवतेय. पुढचा माल मी स्वतः बघेन, मगच घेईन."

ती गेल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, चोच गळकी आहे आणि ताईंचं लक्ष नाही.

"लक्ष होतं म्हणून तर थांबवत होते," ताई म्हणाली.

"तुम्ही दमलात, ताई. काही दिवस खोकी दुमडा."

ताईला खोकी विभागात पाठवलं. मशीन नणंदेच्या हाती दिलं. नणंद फडक्याची घडी घालत राहिली. आणि मला काढून एका ट्रेमध्ये टाकलं, वाकड्या खिळ्यांच्या आणि झिजलेल्या नटांच्या शेजारी. ट्रे नेमका खोकी विभागाच्या खिडकीत ठेवला होता. इकडे ताई दिसायची, तिकडे मशीन. माझ्या जागी नवी चोच आली, तीही तशीच वर बांधलेली. दिसायला देखणी, मान्य करते. आणि पहिल्याच दिवशी तिच्या खालचे पाऊचही तसेच पांढऱ्या ओठांनी बाहेर आले. मी ट्रेमध्ये इतकी हसले की शेजारचे नट सैल झाले.

साहेब चवताळले. आता आळ घालायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते नणंदेवर घसरले. "तुम्हाला पुसता येत नाही. द्या इकडे, मी दाखवतो."

गार दिवस होते, साहेबांच्या अंगात जाड स्वेटर. त्यांनी बाह्यासुद्धा वर केल्या नाहीत. फडकं घेऊन पाऊच असं काही रगडलं, जणू त्यातून आग काढायची होती. "असं. कळलं? असं पुसायचं." आणि पाऊच नणंदेला द्यायला गेले, तर पाऊच निघेचना. बाहीला चिकटून बसलं. झटकलं, तर उडून छातीवर जाऊन बसलं.

"साहेब, ते तुमच्यावरच राहायचं म्हणतंय," नणंद म्हणाली.

साहेबांनी ते ओढून काढलं आणि पावडर सांडलेल्या मशीनच्या कडेजवळ धरलं. तिथली भुकटी टुणकन उडून पाऊचच्या ओठांवर जाऊन बसली. हात मशीनला लागला तशी चट्ट करून ठिणगी उडाली.

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ तुम्ही केला असेल. साहेबांनीही लहानपणी केला असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम तसा झाला, उत्तर आठवलेल्या मुलासारखा. कोरडं फडकं प्लास्टिकवर घासलं की प्लास्टिकवर वीज चढते आणि ती पावडर ओढून घेते. तेवढं त्यांना कळलं. त्यांनी फडक्याकडे बघितलं. मग वर, बांधलेल्या चोचीकडे बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वर बघितलं त्यांनी. नणंद त्यांच्याकडे बघत होती.

"हं," साहेब म्हणाले, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना हुकूम: नवी चोच खाली-वर होऊ द्या. फडकं बंद. पाऊचवरची वीज उतरवणारी एक पट्टी रांगेच्या वर बसवा. झालं. ओठ स्वच्छ, सील घट्ट. आणि सगळा कारखाना काय बोलायला लागला, ऐकाल? नवी चोच गुणाची. नवी चोच आली आणि पांग फिटले.

गुणाची! तिला वाकू दिलं म्हणून ती गुणाची. मला बांधून ठेवलं म्हणून मी गळकी. मी माझं दुःख एक वेळ गिळलं असतं, पोलादाची आहे, पचलं असतं. पण ताई अजून खोकी दुमडत होती. येणारे-जाणारे तिला बघून म्हणत, हीच ती, मशीनवर झोपायची ती. आणि साहेबांना सगळं माहीत असून ते तिच्या समोरून जाताना खिशात काहीतरी शोधत जायचे.

एका दुपारी नणंद खिडकीपाशी आली. ताईसमोरचं एक खोकं उचलून दुमडायला लागली.

"वहिनी, घरात बोलत नाहीस तू माझ्याशी."

"बोलले की सकाळी. टॉवेल द्या म्हणाले."

"ते टॉवेलशी बोललीस." नणंदेने खोक्याची एक घडी दाबली. मग म्हणाली, "फडक्याने होत होतं ते. तुझं काही नव्हतं आणि त्या म्हातारीचंही नव्हतं. मी पुसत होते म्हणून चिकटत होतं. साहेबांच्या हातात बघितलं मी. त्यांनीही बघितलं."

ताईचे हात थांबले. "मग सांगा ना सगळ्यांना."

"सांगितलं की मशीन जाईल माझ्याकडून. पुन्हा गड्ड्या लावत बसायचं. शिवाय सगळे म्हणतील, हीच पुसत होती."

"हो. म्हणतील."

"तू एवढ्यात हो म्हणू नकोस गं."

ताईने पुढचं खोकं दुमडायला घेतलं. नणंदेने खोकं खाली ठेवलं.

"उलटं दुमडलंत, वन्सं."

"कळतंय मला," नणंद म्हणाली आणि निघून गेली. सगळ्यांना सांगेन असं कबूल न करता.

मग नर्स आली, ठरल्याप्रमाणे नवा माल बघायला. साहेब तिच्या पुढे-पुढे, मागे अर्धा कारखाना.

"काय बदललंत?" तिने विचारलं.

"चोच. जुनी गळत होती."

"एवढंच?"

"एवढंच."

तेवढ्यात मशीन थांबलं. आवाज बंद झाला तसे सगळे वळले. नणंदेचा हात बटणावर होता.

"एवढंच नाही," ती म्हणाली. तिचा आवाज एरवी साऱ्या छपराखाली घुमायचा, त्या दिवशी चाचरत होता. "पाऊच मी फडक्याने पुसत होते, साहेबांनी सांगितलं म्हणून. त्यामुळे पावडर ओठांना चिकटायची. चोच वर बांधली होती, त्यामुळे उडायची. वहिनी सांगत होती, कोणी ऐकलं नाही. मीही नाही. जुनी चोच लावा, वहिनीला इथे उभी करा आणि बघा. गळलं तर मी जन्मभर खोकी दुमडेन, उलटी का होईनात."

"आत्ता वेळ कुठे आहे," साहेब म्हणाले.

"मला आहे," नर्स म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

मिस्त्रींना सांगावं लागलं नाही. ते तोवर खिडकीशी येऊन मला उचलून घेऊन गेले होते.

मित्रांनो, मी पुन्हा वाकले. ताईने एकदा माझ्या झडपेवर ब्रश फिरवला, बटण दाबलं, आणि मी पाऊचच्या तळापर्यंत गेले. पावडर सोडली, तोंड मिटलं, वर आले. पुन्हा. पुन्हा. जबड्याने इतक्या प्रेमाने ओठ कधी मिटले नसतील.

नर्सने मधूनच एक पाऊच उचललं. ती म्हणाली, मी माझ्या पद्धतीने बघते. पाऊच जमिनीवर ठेवलं, बूट घातलेला पाय त्यावर दिला आणि पूर्ण वजन टाकून उभी राहिली. काही नाही. मग तिने त्यावर उडी मारली. मी सांगते, ती इतकी उंच उडाली की छताचा पंखा बाजूला सरला. खाली आली तरी पाऊच तसंच, फुगलेलं, तोंड मिटलेलं. ती दुसरं घेऊन उभी राहिली. मग तिसरं. साहेबांना म्हणाली, "या, तुम्ही पण उभे राहा."

साहेब उभे राहिले. पाऊचवर, सगळ्या कारखान्यासमोर, एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखे. बराच वेळ खाली बघत होते.

"चोच गळत नव्हती," ते म्हणाले.

"आणि?" नणंद म्हणाली.

"आणि ताईंची चूक नव्हती. चोच मी बांधली. फडकं मी आणलं. बादली मी उचलायला लावली." मग थांबून, आणखी हळू, "आणि कळल्यावर गप्प बसलो."

ताईने मशीन बंद केलं. "हे खोकी विभागातही येऊन सांगा, साहेब. तिथे लोकांना वाटतं मी इथे झोपा काढायची."

साहेब गेले. पहिल्यांदाच मी त्यांना कुठेतरी सावकाश जाताना बघितलं.

ताई मशीनवर परत आली. नणंद गड्ड्यांवर परत गेली आणि पहिल्याच दिवशी ओरडून म्हणाली की वहिनीने मशीन किती घाण ठेवलंय. घरी बोलाचाली सुरू झाली असावी, कारण दोघी आल्या त्या भांडतच आल्या.

आणि मी? तुम्हाला वाटलं असेल मला हार घातला. नवी चोच विकत घेऊन झाली होती, म्हणून तीच पुन्हा लावली, आणि मी मिस्त्रींच्या कपाटात, वेळप्रसंगी लागली तर असावी म्हणून. ताईने तिचं वाकणं बंद करू दिलेलं नाही एवढंच समाधान. माझी माफी कोणी मागितली नाही. लोखंडाची कोण मागतो. राग आहेच, तो मी जपून ठेवलाय, गंज धरू देत नाही.

पण तुमच्याकडून एक हवंय मला. काही बिघडलं आणि कोणी बोट दाखवून म्हणालं की ही म्हातारी झालीय, हिचंच काहीतरी, तर त्या बोटाच्या मागे मागे लगेच जाऊ नका. थोडं थांबा. तिला कोणी वर बांधून तर ठेवलं नाही ना, तेवढं बघा. आणि तुमच्या घरात कोणी लहानगं आजारी पडलं, आई पाऊच फोडून पाण्यावर धरेल, तेव्हा तिच्याजवळ उभे राहा आणि बघा. पावडर कशी पडते ते बघा. भुरभुरीत पडली, पेल्यात पूर्ण विरघळली, आणि लेकराने घोट घेतला, की समजा कुठेतरी कोणी तरी वाकून, तोंड मिटून, नीट काम केलंय. तिचं नाव विचारायची गरज नाही. तिला गळकी म्हणू नका म्हणजे झालं.